हजर

सकाळी साडेसहाला, किल्ल्याच्या पायथ्याशी,
जामा मशिदीच्या पायऱ्यांवर आम्ही सात जण.
पुण्याचं एक जोडपं, दोघांच्या टोप्या सारख्या,
भोपाळचा एक विद्यार्थी, वहीत सगळं टिपणारा,
कोट्याहून आलेल्या तीन बहिणी,
आणि मी. लष्करातली. चार पिढ्या ग्वाल्हेरच्या,
तरी दोनशे रुपये भरून
आपलंच गाव बघायला आलेली.

गाइड हडकुळा, पन्नाशीचा, गळ्यात मफलर.
त्याचा आवाज तेल घातलेल्या रहाटासारखा.
सन, सुभेदार, घुमट, मिनार,
हा दगड कुठल्या खाणीतला, तो कुठल्या,
एका वाक्याला दुसरं चिकटलेलं,
मध्ये सुई शिरेल एवढी फट नाही.
अशा माणसांचा मला हेवा वाटतो.
लहानपणापासून.

मग चालत हजिऱ्याकडे.
बेडईचा घाणा नुकता पेटलेला,
टेम्पोवाले बंद गिरणीचं नाव अजून ओरडतात,
ती चालू असल्यासारखं.
पुण्याचे गृहस्थ विचारतात, पार्किंग आहे का इथे?
आम्ही सगळे पायीच आहोत.

महंमद घौसांच्या मकबऱ्यात शिरलं
की ऊन जाळीतून गाळून येतं.
फरशीवर, बहिणींच्या ओढण्यांवर,
विद्यार्थ्याच्या वहीवर चांदण्या,
त्यामुळे त्याला ओळ दिसेना.
मी जाळीला बोट लावलं. गार.
अर्ध्याहून जास्त दगड काढून टाकलाय,
उरलेला उभा आहे.
यावर गाइडकडे एक वाक्य होतं, बरं होतं,
पण मी ऐकलं नाही.

कारण बाहेर, तानसेनाच्या कबरीपाशी,
ती चिंच.
म्हणजे ती नाही, तिच्या जागी लावलेली.

नऊ वर्षांची होते.
बाबांनी सायकलच्या दांडीवर बसवून आणलं होतं.
हजेरीला मला ‘हजर’ म्हणता यायचं नाही.
ह— ह— ह—
तोवर बाई पुढच्या नावावर.
वर्गात बसून अख्खा श्रावण मी गैरहजर.
तर इथला पाला खाल्ला की गळा सुटतो, म्हणे.
बाबांना गाण्याचा गंध नव्हता,
त्यांना फक्त एक शब्द हवा होता.
मूठभर खाल्ला मी. दात आंबले.
आणि घरी आईनं विचारलं, कुठे गेला होतात,
तर जागेचंही नाव ह वरूनच.

‘कुणाला पान हवंय?’ गाइड म्हणाला.
तिघी बहिणी हसत पुढे झाल्या,
एकीनं लगेच आलाप घेऊन बघितला,
दुसरीनं कान झाकले.

निघताना पुण्याच्या बाईंनी सहज विचारलं,
‘तुमचं नाव काय हो? मैत्रिणींना सांगायला.’

आणि रहाट थांबला.
न—
न— न—
मफलराखाली गळ्याची घाटी वर गेली, वरच राहिली.
डोळे मिटले त्यानं.
मला तो अंधार माहीत आहे. आतून माहीत आहे.
पाठ केलेलं असतं ते वाहतं,
अडतं ते आपलं स्वतःचं.

‘नासिर?’ गृहस्थ मदतीला धावले. ‘नदीम? नवाब?’

‘थ— थ— थांबा,’ मी म्हणाले.

थांबले सगळे.
चिंचेवरून एक पोपट उडाला, परत बसला.
विद्यार्थ्याचं पेन हवेत.
किती वेळ गेला कुणास ठाऊक,
फार नसणार; असा वेळ नेहमी मोठा दिसतो.

‘नियामत,’ तो म्हणाला.
कोरा, पुसलेल्या भांड्यासारखा शब्द.

फाटकाशी पावत्या फाडताना
प्रत्येकाला त्यानं नाव विचारून लिहिलं.
माझ्यापाशी आला, विचारलं नाही.
पावतीपुस्तक आणि पेन पुढे केलं.
मी लिहिलं : हिरण्मयी.
त्यानं वाचलं, मान हलवली,
खिशातून दोन पानं काढली, एक मला दिलं.

अजून तेवढंच आंबट आहे.